उन्हाळ्यात बेस गिटार पहिल्या फ्रेटांवर खरखरते: माझा अनुभव

लक्षण असं: मे महिन्यात जळगावात माझ्या बेसची ई आणि ए तार (दोन सर्वांत जाड तारा) पहिल्या चार फ्रेटांवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खरखरायची, बाराव्याच्या पुढे मात्र आवाज स्वच्छ. पावसाळ्यात हाच बेस ठणठणीत वाजत होता.

तारा बदलल्या, फरक नाही. ब्रिजवरची सॅडल, म्हणजे तारेची उंची ठरवणारा आधार, उचलली. तारा इतक्या वर गेल्या की लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बोटं भरून आली, खरखर तशीच. जीव मेटाकुटीला आला.

खरं कारण मानेत होतं. आपल्याकडे पारा ४५ गाठतो, हवा कोरडी होते, लाकूड आकसतं आणि मानेला लागणारा हलका बाक नाहीसा होतो.

आधी तारा सुरात लावा. ई तार पहिल्या फ्रेटवर कॅपोने (तारा दाबून धरणारा चिमटा) आणि मान बॉडीला मिळते तिथे बोटाने दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघा. साधारण ०.३ मिमी हवी. माझी तार टेकलेलीच होती. मोजायला टू-व्हीलर गॅरेजवाल्याचा फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) उत्तम, मी तोच आणला. मग तारा थोड्या सैल करून ट्रस रॉड, म्हणजे मानेतला बाक कमी-जास्त करणारी धातूची सळई, घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवून सैल केला, म्हणजे बाक परत येतो. अॅलन की (षटकोनी पाना) अगदी मापाचीच घ्या, ढिली असली की रॉडच्या नटाचे कोपरे खाते. पुन्हा सुरात लावून रात्रभर ठेवला, सकाळी मोजलं, अजून किंचित फिरवलं. फट जमल्यावरच सॅडल खाली आणली आणि बाराव्या फ्रेटवर सूर तपासला.

रॉड अडला तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या. पाऊस लागला की बाक वाढतो, तारा उंच वाटतात. तेव्हा असंच मोजून रॉड थोडा घट्ट करायचा.