पर्णरंध्रांवरून वनस्पती ओळखताय? या चुका टाळा

पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रं, बघायला पानावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, वाळला की सेलोटेपनं सोलायचा आणि हा ठसा स्लाइडवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. बी.एस्सी.च्या प्रकल्पांत ही पद्धत रुळलीय, कारण ती स्वस्त आहे आणि बहुतेक वेळा चालते. घोळ होतो तो त्यानंतर.

'रंध्रं दिसतच नाहीत' ही तक्रार नेहमीची. आधी पानाची बाजू तपासा. वडाच्या पानाला रंध्रं फक्त खालच्या बाजूला असतात, तर पाण्यावर तरंगणाऱ्या कमळाच्या पानाला फक्त वरच्या. बाजू बरोबर असेल तर सूक्ष्मदर्शकाच्या कंडेन्सरखालचा डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) मिटवत आणा. ठशाला रंग नसतो, भगभगीत उजेडात त्याच्या रेषा हरवतात. कण्हेरीच्या बाबतीत मात्र ठशाचा नाद सोडाच. तिची रंध्रं खालच्या बाजूच्या केसाळ खळग्यांत दडलेली असतात, तिथे आडवा छेदच घ्यावा लागतो.

ठसा म्हणजे फक्त पृष्ठभागाची नक्कल. वडाच्या पेशींतले चुनखडीचे खडे, म्हणजे सिस्टोलिथ, त्यात उमटत नाहीत. चिकण्याचे चांदणीसारखे केस सोलताना तुटतात आणि त्यांच्या जागी नुसती भोकं दिसतात. रस्त्याकडेच्या पानावर बुरशीचे धागे असले तर तेच केस म्हणून वहीत जातात. पान आधी धुवा, आणि ठशाशेजारी सोललेल्या अपित्वचेची (पानाच्या बाहेरच्या पातळ सालीची) किंवा पारदर्शक केलेल्या पानाच्या तुकड्याची स्लाइड ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रंध्राचा प्रकार दिसला की वनस्पतीचं कूल (फॅमिली) ठरवून मोकळं होणं. वनस्पतिशास्त्रज्ञ मेटकाफ आणि चॉक यांनी 1950 मध्ये रूढ केलेल्या नावांनुसार, रक्षकपेशींना (रंध्राच्या दोन बाजूंच्या पेशींना) समांतर दोन साहाय्यक पेशी (त्यांना लागून असलेल्या, इतरांहून वेगळ्या पेशी) असतील तर पॅरासायटिक, काटकोनात दोन असतील तर डायसायटिक, तीन असमान असतील तर अ‍ॅनायसोसायटिक आणि वेगळ्या अशा नसतीलच तर अ‍ॅनोमोसायटिक. आता तुळस आणि अडुळसा घ्या. दोन्ही डायसायटिक, कुलं मात्र वेगळी. अडुळशात सिस्टोलिथ असतात, तुळशीत नसतात. म्हणजे निकाल लागतो तो दोन-तीन लक्षणं एकत्र पाहिल्यावर. अ‍ॅनायसोसायटिक रंध्रं मोहरीतही आहेत आणि धोतऱ्यातही. गवतांचं काम त्या मानानं सोपं: डंबेलच्या आकाराच्या रक्षकपेशी दिसल्या की गवत किंवा त्याचा नातलग.

एकाच पानावर दोन-तीन प्रकार मिसळलेले असणंही नवलाचं नाही. एका रंध्राचा झकास फोटो काढून थांबू नका. बरीच रंध्रं बघा आणि कोणता प्रकार किती आढळला ते लिहा. कोवळी पानं टाळा, त्यांत साहाय्यक पेशी अजून घडत असतात. शिवाय दिसायला सारखी रंध्रं वेगळ्या वाटेनं वाढलेली असू शकतात. अलाहाबादचे वनस्पतिशास्त्रज्ञ दिव्यदर्शन पंत यांनी 1965 मध्ये रंध्रांची विभागणी केली ती याच वाढीच्या आधारे.

आकड्यांवर तर माझा मुळीच विश्वास नाही, निदान नुसत्या घनतेवर, म्हणजे ठरावीक जागेत किती रंध्रं आहेत यावर. उन्हातल्या आणि सावलीतल्या पानांत, एकाच झाडावर, ती बदलते. वनस्पतिशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी 1987 मध्ये हर्बेरियममधल्या (वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) जुन्या पानांवरून दाखवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी रंध्रांची घनता घटली. वनस्पतिशास्त्रज्ञ सॅलिसबरींचा 1927 चा रंध्र निर्देशांक त्या मानानं स्थिर: रंध्रांची संख्या भागिले रंध्रं अधिक अपित्वचेच्या पेशी, गुणिले 100. दोन रक्षकपेशींचं मिळून एकच रंध्र मोजा. साहाय्यक पेशी कशात धरल्या ते लिहा. शिरेवरची जागा वगळा, आणि पानाचा मधला भाग सगळ्या नमुन्यांत तोच ठेवा.

निर्देशांक कामाला येतो त्याचं जुनं उदाहरण सोनामुखीचं. औषधी पानांच्या व्यापारात तिरुनेलवेलीच्या मालाचा निर्देशांक साधारण 17 ते 20, अलेक्झांड्रियाच्या मालाचा 11 ते 13. भेद चांगला स्पष्ट आहे, तरीही आज वर्गीकरणात दोन्ही सेन्ना अलेक्झांड्रिना या एकाच जातीत धरतात. माल ओळखायला हा आकडा पुरतो, जात वेगळी ठरवायला नाही.

आणि ज्या झाडाचं पान घेतलं त्याची फुलांसह फांदी दाबून, वाळवून जपा. तिचा क्रमांक स्लाइडवर हवाच. पुढे नावाबद्दल शंका निघाली तर परत बघायला तीच फांदी लागते.