साळिंदराचे काटे कुत्र्याच्या तोंडात घुसले तर

सर्वात आधी कुत्र्याला धरा. त्याला पंजाने तोंड घासू देऊ नका. घासले की काटे तुटतात आणि तुटलेली टोके आत सरकतात.

काटा मधोमध कापला की हवा निघून तो सैल होतो, असे अनेकजण सांगतात. हे चूक आहे. कापलेला काटा चिरफळतो आणि पकडायला बुडखाही उरत नाही. अमेरिकेतल्या साळिंदराच्या काट्याच्या टोकाला मागे वळलेले सूक्ष्म आकडे असतात, म्हणून तो आत सहज जातो पण बाहेर येताना मांस धरून ठेवतो. आपल्याकडच्या साळिंदराच्या काट्यांना असे आकडे नसतात, पण ते जाड आणि लांब असल्याने जखम खोल होते.

दोनचार काटे पायावर किंवा खांद्यावर वरवर असतील तरच घरी काढा. एकाने कुत्रा घट्ट धरावा, दुसऱ्याने पक्कडीने काटा कातडीलगत पकडून घुसला त्याच रेषेत सरळ ओढावा. पिळू नका. डोळ्याजवळ, तोंडात, घशात, छातीवर किंवा सांध्यात काटा असेल तर थेट पशुवैद्य. भूल दिल्याशिवाय ते काढणे क्रूरपणाच आहे. माणसांची आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, ती कुत्र्यांना विषारी ठरू शकतात.

जिभेखाली, हिरड्यांत आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून पाहा. तिथलेच काटे नजरेतून सुटतात. पुढचे काही आठवडे गाठ, पू, लंगडणे किंवा धाप दिसली तर आत राहिलेला काटा सरकतो आहे असे समजून लगेच तपासणी करा.