जुना मॉनिटर उघडताय? पार्ट ओळखताना या चुका टाळा

सांगली-मिरजेत जुने एलसीडी मॉनिटर अजून भरपूर चालू आहेत, झेरॉक्सच्या दुकानात, क्लासमध्ये, सीसीटीव्हीला जोडलेले. बंद पडला की पोरं स्वतः उघडून बघतात हे मला मनापासून आवडतं, पण पार्ट कुठला आहे ते न बघताच काढाकाढी सुरू होते आणि किरकोळ कामात अख्खा बोर्ड जातो.

पहिलं म्हणजे प्लग काढला म्हणून करंट गेला असं समजू नका. सप्लाय बोर्डावरचा मोठा ४५० व्होल्टचा कंडेन्सर ३२५ व्होल्टच्या आसपास चार्ज असतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची नाही, होल्डरमधल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी लावून डिस्चार्ज करा आणि मग मीटरवर खात्री करा. पिक्चर ट्यूबवाला डबा मॉनिटर असेल तर शिकाऊ माणसानं उघडूच नये, ट्यूबवर हजारो व्होल्ट राहतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इनपुटजवळच्या गोल चपट्या पार्टांत, कारण तिन्ही दिसायला एकसारखे. फ्यूजच्या पुढं फेज-न्यूट्रलच्या मध्ये आडवा बसलेला, ज्यावर १०डी४७१ असं काहीतरी छापलेलं असतंय, तो व्हॅरिस्टर, व्होल्टेज अचानक वाढलं की तोच शॉर्ट होतो आणि फ्यूज उडवतो. तो फुटलाय म्हणून लोक तिथं साधा सिरॅमिक कंडेन्सर लावतात, किंवा जागा रिकामी सोडतात, मग मॉनिटर चालतो खरा पण पुढच्या झटक्याला अडवायला कोणीच नाही. दुसरा ५डी-९ छापलेला काळा नाहीतर हिरवा, तो लाईनमध्ये सिरीजला असतो, थर्मिस्टर (चालू करतानाचा करंटचा झटका आवरणारा), थंड असताना ५ ओहमच्या आसपास दाखवतो, त्यालाच 'शॉर्ट कंडेन्सर' समजून चांगला पार्ट फेकून देतात. तिसरा निळा, ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंना जोडणारा, तो सेफ्टी कंडेन्सर, त्यावर वाय१ किंवा वाय२ लिहिलेलं असतंय. त्याच्या जागी तसाच वाय क्लासचा लागतो, यात अजिबात तडजोड नको, साधा लावला आणि तो आत शॉर्ट झाला तर मेन्सचा करंट थेट मॉनिटरच्या पत्र्यावर येतो.

फुगलेले कंडेन्सर सगळ्यांना दिसतात, न फुगलेला खराब मात्र सुटतो. लाईट लुकलुकते, मॉनिटर खूप वेळानं गरम झाल्यावर चालू होतो, आणि मीटरवर मायक्रोफॅरड बरोबर येतात, तरी त्याचा ईएसआर, म्हणजे आतला रोध, वाढलेला असू शकतो. बदलताना १०००/२५ (मायक्रोफॅरड/व्होल्ट) च्या जागी १०००/१६ नको, ८५ डिग्रीचाही नको, हीटसिंकच्या शेजारी असतात ते, १०५ डिग्री लो-ईएसआरच मागा. आणि काढायच्या आधी पट्टी कुठल्या बाजूला होती त्याचा मोबाईलवर फोटो काढा, कंडेन्सरवरची पट्टी मायनस असते पण बोर्डावरची छपाई सगळ्या कंपन्या एकसारखी करत नाहीत.

हीटसिंकवरचा तीन पायाचा पार्ट म्हणजे मॉसफेटच (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) असं नाही. आउटपुट बाजूला तो बहुतेक वेळा डबल डायोड असतो, त्याचे कडेचे दोन पाय एकमेकांशी बीप देतात, ते बोर्डावर जोडलेले असतात म्हणून. शंका आली तर बाहेर काढून मोजा. बोर्डावर डी (डायोड) लिहिलंय का क्यू (ट्रान्झिस्टर, मॉसफेट) तेही बघा, निम्मं उत्तर तिथंच मिळतंय.

चित्र दोन सेकंद येऊन काळं झालं तर सप्लाय बदलत बसू नका, अंधारात स्क्रीनवर टॉर्च तिरपी मारा, पुसट चित्र दिसलं तर गडबड बॅकलाईट (स्क्रीनमागची लाईट) नाहीतर तिला व्होल्टेज देणाऱ्या इन्व्हर्टरची.

२०१९ च्या पुरात भिजून नंतर माळ्यावर टाकलेला मॉनिटर असेल तर थेट प्लग लावू नका. वाळलेला गाळ पार्टांच्या पायाखाली अडकलेला असतो, ओल लागली की २३० व्होल्टला तो वाट देतो. बोर्ड बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशनं धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब (मेन्सच्या एका वायरीत मध्ये जोडलेला पिवळा बल्ब) लावूनच करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भकाभक पेटतच राहिला तर लगेच बंद करून प्रायमरी (मेन्सच्या) बाजूचे डायोड आणि मॉसफेट मोजा.