दिवाळीआधी गाडीला एकदा नीट न्हाऊ घाला
गोव्यात थंडी ती काय, पण पाऊस ओसरल्यावर पहाटेचं दव सुरू होतं. चार महिन्यांचा तांबडा चिखल अजून चाकांवरच्या कमानीत आणि गाडीच्या पोटाखाली चिकटलेला असतो. तो ओल धरून ठेवतो, त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडली की पत्र्याला गंज चढतो. म्हणून सुरुवात बॉनेटपासून नको, खालून करा. पाईपची जोरदार धार आत मारा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळायची बारीक भोकं असतात, ती काडीने हलकेच मोकळी करा. हे बहुतेक जण विसरतात.

मग सावलीत, पत्रा थंड असताना धुवा. भांड्यांचा साबण वापरू नका, तो जुनं वॅक्स काढून टाकतो. कार शाम्पूच घ्या. बादल्या २ ठेवा: एकीत शाम्पू, दुसरीत फडका खळबळायला साधं पाणी. नाहीतर तीच माती पुन्हा रंगावर घासली जाते. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचा हात नळाच्या पाण्याचा. मायक्रोफायबरने लगेच कोरडी करा.

वॅक्सचा थर पातळच द्या, जाड दिला तर पुसता पुसता हात भरून येतात. पाण्याचे थेंब मण्यांसारखे उभे राहायचे थांबले की पुन्हा लावा. दारांच्या रबराला थोडं सिलिकॉन चोळा.

आणि गाडी माडाखाली लावू नका, वॅक्स नारळापुढे काय करणार!