घरी गाडी बांधताय? मग या चुका टाळा

दिवाळी झाली की बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या शेडवर दोन-तीन पोरं तरी येतातच. मोबाइलवर लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या इंग्लिश स्पोर्ट्स कारचे फोटो असतात, तशी गाडी बांधायला इंजिन आणि भाग काढून घेण्यासाठी जुन्या ओम्नीचा सौदा जवळपास ठरलेला असतो, आणि पहिला प्रश्न दरवर्षी तोच: "काका, किती दिवसांत पळायला लागेल?"

ओम्नीबद्दल माझी तक्रार नाही. इंजिन 796 सीसीचं असलं तरी ताकद मागच्या चाकांना जाते, सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात, आणि हलक्या गाडीला तेवढं पुरतं. माझी तक्रार घाईबद्दल आहे.

एका दमात पूर्ण वेल्ड मारणे

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. अशा गाडीच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, साधारण 25 मिलिमीटरचा, 1.6 मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप वापरतात. वेल्ड थंड होताना आकसतो आणि पाइपला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूने मारत गेलात तर अख्खा सांगाडा त्या बाजूला कलतो, आणि डोळ्यांना ते अजिबात दिसत नाही.

वडगावच्या एका पोराची चासी टॅकवर, म्हणजे नुसत्या वेल्डच्या टिपक्यांवर जोडलेली, असताना मी स्वतः मोजली होती. दोन्ही कर्ण सारखे. "आता सावकाश मार," एवढं सांगून मी घरी गेलो. त्याने भावाला मदतीला घेतलं आणि रात्रभर जागून डावी बाजू पुढून मागेपर्यंत संपवली, मग उजवी. सकाळी मोठ्या आनंदाने बोलावलं. टेप लावली तर कर्णांत 11 मिलिमीटरचा फरक. तो म्हणाला, "अकरा मिलीच की हो काका, चालतंय की!" आमच्या भागात हे वाक्य मराठीत ऐकू येतं आणि कानडीत 'नडीतैति' म्हणून ऐकू येतं. दोन्ही भाषांत त्याने सारखंच नुकसान केलं आहे.

पहिल्यांदा गाडी येळ्ळूरच्या बाजूला शेतातल्या वाटेवर काढली. नुकता पाऊस होऊन गेला होता. सरळ जायला स्टिअरिंग वाकडं धरावं लागत होतं. मागे वळून बघितलं तर ओल्या मातीत दोनाऐवजी चार चाकोऱ्या. मागची चाकं पुढच्यांच्या मागावरून चालतच नव्हती. मागचा अर्धा भाग कापून पुन्हा बांधायला त्याला दीड महिना लागला.

माझी सवय सांगतो. आधी सगळा सांगाडा फक्त टॅकवर उभा करायचा. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल एकदा खरोखर बसवून, काढून बघायचा. गिअरबॉक्स बाहेर यायला जागाच नाही, हे वेल्ड झाल्यावर कळून उपयोग नाही. मग इंचभर वेल्ड, आणि पुढचा इंच समोरच्या कोपऱ्यात. दिवसाला सहा-आठ सांध्यांच्या पुढे मी जात नाही. उठताना कर्ण मोजायचे आणि आकडा टेबलावर खडूने लिहून ठेवायचा. फरक 2 मिलिमीटरच्या वर गेला की दुसऱ्या दिवशी आधी तो काढायचा. कंटाळा येतो, मलाही येतो. पण चासी सरळ असेल तर पुढचं काहीही सुधारता येतं.

फायबरच्या बॉडीत अर्थिंगची वायर न देणे

मागच्या हिवाळ्यात खानापूरहून रात्री साडेनऊला फोन आला. "काका, ब्रेक दाबला की मागचे इंडिकेटर मिणमिणतात." पोराने तोवर स्विच बदलला होता, रिले बदलली होती, बॅटरीसुद्धा नवी आणली होती. मी त्याला एकच काम सांगितलं: बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक सुटी वायर घे आणि मागच्या दिव्याच्या अर्थिंगला टेकव. फोनवरच ओरडला, "झालं!"

पत्र्याच्या गाडीत निगेटिव्ह बॉडीतूनच परत जातं. फायबरमधून वीज जात नाही. मग ब्रेकच्या दिव्याचा करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो आणि भलताच दिवा लागतो. प्रत्येक दिव्याला काळी वायर स्वतंत्र द्या, सगळ्या चासीवरच्या एका बोल्टला आणा, बोल्टखालचा रंग घासून धातू उघडा करा, वर पेट्रोलियम जेली लावा. आणि इंजिनपासून चासीपर्यंत जाड पट्टी हवीच. ती विसरलात तर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो आणि केबल भाजून निघते.

कागद शेवटी बघू म्हणणे

ओम्नीला वेगळी चासी नसते, नंबर बॉडीवरच कोरलेला असतो. बॉडी कापलीत की त्या गाडीची ओळख संपली. तो तुकडा कापून आपल्या सांगाड्यावर जोडायचा सल्ला काही जण देतात. तो गुन्हा आहे, ऐकू नका. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. इंग्लंडमध्ये घरी बांधलेली एकच गाडी तपासून तिला नंबर देण्याची सोय आहे. आपल्याकडे प्रोटोटाइपची मंजुरी घ्यावी लागते, आणि तो खर्च घरच्या माणसाला झेपणारा नाही. म्हणून सुरुवातीलाच ठरवा: ही गाडी शेतात, खासगी जागेत चालणार.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. स्वस्त म्हणून ओम्नी कोल्हापूरची, एमएच 09 ची आणतात, कापतात आणि कागद तसेच कपाटात ठेवतात. गाडी मोडीत निघाली की मालकाने 14 दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. विकणारा कागलचा आणि कापणारा बेळगावचा असला की दोघंही ते दुसऱ्यावर ढकलतात. सौदा करतानाच हे कोण करणार ते लिहून घ्या.

बाकीच्या

गणपतीच्या आधी बॉडी हवी म्हणून जुलैत फायबर मारू नका. आपल्या पावसात काचतंतूंची मॅट ओल धरते आणि थर चिकटच राहतो. दसऱ्यानंतर करा. रेझिन घट्ट करणारा हार्डनर रेझिनच्या 1 ते 2 टक्के, मोजून. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो.

नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदा काढला की नवा घ्या. सस्पेन्शनला 8.8 ग्रेडच्या (हा बोल्टच्या मजबुतीचा आकडा) खालचा बोल्ट नको.

स्टिअरिंगचा दांडा घरी वेल्ड करू नका. यावर मी वाद घालत नाही.

ब्रेकला तांब्याची नळी नको, आणि ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल तर नकोच, रबर फुगून पेडल अडकतं. पहिल्या दिवशी इंजिन चालू करू नका. दोघांनी गाडी ढकला, तिसऱ्याने पेडल दाबा. चारही चाकं सारखी अडेपर्यंत चावी माझ्या खिशात असते.