धर्म आणि समलैंगिकतेचा आलेख काढताय? या चुका टाळा

आडव्या अक्षावर धार्मिकता, उभ्यावर समलैंगिकतेला मान्यता, प्रत्येक देशाचा एक ठिपका. सोलापुरातल्या समाजशास्त्र किंवा संख्याशास्त्राच्या प्रकल्पासाठी हा विषय चांगला आहे, पण गडबड आलेखाआधीच, पाहणीच्या आकड्यांच्या फाइलमध्ये होते.

वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे म्हणजे अनेक देशांत लोकांची मूल्यं विचारणारी पाहणी. तिच्या सातव्या फेरीत प्रश्न १८२ ला १ ते १० अशी उत्तरं आहेत. १ म्हणजे समलैंगिकता कधीच समर्थनीय नाही. त्याच रकान्यात −१ (माहीत नाही), −२ (उत्तर दिलं नाही), −४ (विचारलंच नाही) हेही आकडे असतात. ते न काढता सरासरी घेतली की देश उगाच कर्मठ दिसतो. समजा ९० जणांची सरासरी ३ आणि १० जणांचं −१, तर उत्तर येतं २.६. नाजूक प्रश्नाला जिथे लोक जास्त गप्प बसतात, तिथे ही घसरण मोठी. शून्याखालचं सगळं रिकामं करा आणि देशागणिक किती टक्के गळाले ते आलेखाखाली लिहा. ठिपका शून्याच्याही खाली गेला असेल, तर बहुधा तिथे प्रश्न विचारलाच नव्हता.

आलेख उलटा आला? प्रश्न ६ बघा. त्यात धर्म 'फार महत्त्वाचा' म्हणजे १ आणि 'अजिबात नाही' म्हणजे ४. उत्तर ५ मधून वजा करा. देवाच्या महत्त्वाचा प्रश्न १६४ मात्र सरळ १० कडे चढतो. भारांकही लावा, म्हणजे पाहणीत कमी-जास्त आलेल्या गटांचं वजन लोकसंख्येच्या प्रमाणात येतं.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहणीतला प्रश्न निराळा आहे: समाजाने समलैंगिकता स्वीकारावी का? त्याचे टक्के वरच्या सरासरीसोबत एका अक्षावर घेऊ नका. प्यूच्या २०१९ च्या पाहणीत 'स्वीकारावी' म्हणणारे नायजेरियात ७ टक्के, भारतात ३७, स्वीडनमध्ये ९४. इथवर उतरती रेषा शोभते. पण धार्मिक फिलिपिन्समध्ये ७३ आणि धर्माला तितकं न धरणाऱ्या रशियात १४! हे दोन ठिपके नावानिशी दाखवा. रेषेपेक्षा तेच जास्त सांगतात.

शिवाय ठिपका म्हणजे देश, माणूस नव्हे. समजा, जास्त ऊस असलेल्या तालुक्यांत दुचाकीही जास्त निघाल्या. म्हणून दुचाकी ऊसवाल्याच्याच दारात आहे असं ठरत नाही. 'धार्मिक माणूस जास्त विरोध करतो' असं लिहायचं असेल, तर प्रत्येक देशाच्या आत, माणसागणिक तुलना करा.

भगवा आणि हिरवा टाळा. आपल्याकडे वाचक रंगातच धर्म वाचतो. निळ्याच्या फिक्या-गडद छटा झेरॉक्समध्येही टिकतात. मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनमधलं आलेख काढायचं साधन) मराठी नावांचे चौकोन झाले तर नोटो सॅन्स देवनागरी फाँट द्या. तरीही ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे गेली किंवा जोडाक्षर फुटलं, तर नावांशिवाय आलेख एसव्हीजी या चित्र-फाइलीत काढून इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नावं टाका.