लोगोवर अडकलेला अँड्रॉइड फोन: फर्मवेअर फ्लॅश करून परत कसा उभा करायचा

फोन लोगोवर अडकला की बरेच जण थेट फ्लॅश टूल, म्हणजे फोनचं मूळ सॉफ्टवेअर (फर्मवेअर) पुन्हा लिहिणारा प्रोग्राम, उघडतात. पण फोन कायमचा मरतो तो सहसा फ्लॅश केल्यामुळे नाही. फाईल दुसऱ्याच मॉडेलची असते, किंवा टूलमधली एखादी टिक नको तिथे राहून जाते. त्यामुळे खाली बटणं दाबण्याआधीच्या तपासणीवर जास्त भर आहे.

फोन नेमका कुठे अडकलाय?

स्क्रीनवर कंपनीचा लोगो येत असेल, तर बूटलोडर (अँड्रॉइड सुरू करणारा छोटा प्रोग्राम) जिवंत आहे. असा फोन जवळजवळ नेहमी परत येतो. स्क्रीन पूर्ण काळी असेल, तर केबल लावून कॉम्प्युटरचा डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे ‘क्वालकॉम क्यूडीलोडर ९००८’ दिसलं, किंवा मीडियाटेकचा पोर्ट दोन-तीन सेकंद येऊन जात असेल (क्वालकॉम आणि मीडियाटेक या फोनचा प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या), तर बूटलोडर गेलाय पण चिपमधला बूट रॉम बोलतोय. हा रॉम चिपमध्येच कोरलेला असतो, फ्लॅश करताना तो पुसला जात नाही. केबल आणि पोर्ट बदलूनही काहीच दिसत नसेल, तर आधी फोन तासभर चार्जरवर ठेवा. तरीही काही नाही, तर दोष बॅटरीत किंवा बोर्डमध्ये शोधायचा, फर्मवेअरमध्ये नाही.

लोगो येत असेल तर आधी रिकव्हरी मोडमध्ये, म्हणजे फोनच्या दुरुस्तीच्या मेनूत जा. कॅशे पुसण्याचा पर्याय असेल तर तो वापरा आणि एकदा रिस्टार्ट करून बघा. फॅक्टरी रीसेट त्यानंतर, आणि डेटा गेला तरी चालणार असेल तरच. आजच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो. चिप काढून वाचली तरी हाती फोटो लागत नाहीत. डेटा हवा असेल तर पहिला प्रयत्न डेटा न पुसणाऱ्या पद्धतीनेच व्हायला हवा.

अँड्रॉइड ५.१ पासून रीसेटनंतर जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागणारं कुलूप आहे. आयडी आणि पासवर्ड आत्ताच लिहून ठेवा. फोन अजून चालू होत असेल, तर सेटिंग्जमधून खातं काढून मगच पुढे जा.

फाईल

एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या फोनची चार-पाच मॉडेलं असतात, आणि त्यांच्यात प्रोसेसरसुद्धा वेगळा असू शकतो. म्हणून नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. सॅमसंगमध्ये तो डाउनलोड मोडच्या (फ्लॅश करण्यासाठीचा मोड, खाली पहिल्या पायरीत आहे) स्क्रीनवर दिसतो. शाओमीमध्ये फास्टबूटला (कॉम्प्युटरवरून बूटलोडरला कमांड देण्याचा मार्ग) ‘गेटव्हार प्रॉडक्ट’ विचारलं की कोडनेम मिळतं, फाईलच्या नावातही तेच हवं.

दुसरी जुळणी व्हर्जनची. चिपमध्ये छोटे फ्यूज असतात. कंपनीने बूटलोडरचा सुरक्षा क्रमांक वाढवला की एक फ्यूज कायमचा जळतो, आणि त्याहून जुना बूटलोडर फोन स्वीकारत नाही. सॅमसंगच्या बिल्ड नंबरमधलं शेवटून पाचवं अक्षर हा तो क्रमांक. ९ नंतर तिथे ए, बी अशी अक्षरं येतात. फाईलमधला क्रमांक फोनमधल्याइतका किंवा त्याहून मोठा हवा. शाओमीमध्ये ‘गेटव्हार अँटी’ ही कमांड तो आकडा दाखवते. पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए वर २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ आल्यावर हाच क्रमांक वाढला, त्यामुळे अँड्रॉइड १२ चा बूटलोडर त्यांच्यावर परत बसत नाही.

तिसरी तपासणी चेकसमची, म्हणजे फाईल जशीच्या तशी उतरली का ते सांगणाऱ्या आकड्याची. कंपनीने एसएचए-२५६ हा चेकसम दिला असेल तर जुळवून पाहा. विंडोजमधलं ‘सर्टयूटिल’ हे काम करतं. अर्धवट उतरलेली फाईल उघडतेसुद्धा, आणि मग फ्लॅश मध्येच अडकतो.

बाकी तयारी थोडक्यात: बॅटरी ५० टक्क्यांच्या वर, डेटा नेणारी आखूड केबल, कॉम्प्युटरचा थेट पोर्ट (हब नको), डिस्कवर २० जीबी मोकळी जागा, लॅपटॉपचा स्लीप बंद. जुनी टूल्स यूएसबी ३ वर अडखळतात, त्यामुळे यूएसबी २ चा पोर्ट असेल तर तोच घ्या. फोल्डरचा पत्ता आखूड ठेवा, त्यात मोकळी जागा किंवा मराठी अक्षरं नकोत.

सॅमसंग: ओडिन

१. फोन बंद करा. आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरत केबल जोडा. इशारा आला की आवाज वाढवायचं बटण दाबा, म्हणजे डाउनलोड मोड येतो. होम किंवा बिक्सबीचं बटण असलेल्या जुन्या फोनमध्ये ही जुळणी वेगळी असते.

२. ओडिन या सॅमसंगच्या फ्लॅश टूलमध्ये निळ्या चौकोनात कॉम पोर्टचा नंबर दिसायला हवा. दिसला नाही तर सॅमसंगचा यूएसबी ड्रायव्हर टाकून कॉम्प्युटर रिस्टार्ट करा.

३. बीएल (बूटलोडर), एपी (सिस्टिम) आणि सीपी (मोडेम) या फाईली आपापल्या जागी घाला. एपी निवडल्यावर ओडिन काही मिनिटं गोठल्यासारखा होतो. तो एवढ्या मोठ्या फाईलचा चेकसम तपासत असतो, तेव्हा टूल बंद करू नका.

४. सीएससीच्या (प्रदेशाच्या सेटिंग्ज) जागेसाठी दोन फाईली मिळतात. ‘होम सीएससी’ घातली तर डेटा राहतो, साधी ‘सीएससी’ सगळं पुसते. पहिल्या वेळी होमच घ्या. ती मारूनही फोन लोगोवर अडकला, तरच दुसरी.

५. ऑप्शन्समध्ये ‘ऑटो रीबूट’ आणि ‘एफ रीसेट टाइम’ एवढ्याच टिक हव्यात. ‘री-पार्टिशन’ आणि ‘नँड इरेज’ यांना हात लावू नका. नँड इरेजने आयएमईआय असलेलं ईएफएस पार्टिशन (स्टोरेजचा एक वेगळा भाग) जाण्याचा धोका असतो.

६. स्टार्ट दाबा आणि हिरवा ‘पास’ येईपर्यंत केबल हलवू नका.

फोनच्या स्क्रीनवर ‘एसडब्ल्यू रेव्ह चेक फेल’ आलं, तर फाईल जुनी आहे. कितीही वेळा मारली तरी ती बसणार नाही, नवी शोधा. ओडिन ‘सेटअप कनेक्शन’वरच अडकला तर दोष केबलचा किंवा पोर्टचा. कंपनीची सही असलेलं मूळ फर्मवेअर फ्लॅश केल्याने नॉक्सचा (सॅमसंगची सुरक्षा यंत्रणा) फ्यूज जळत नाही. तो जळतो सही नसलेलं काही टाकल्यावर, आणि मग मूळ फर्मवेअर परत टाकूनही पूर्ववत होत नाही.

शाओमी, रेडमी, पोको

इथे फास्टबूटमधून फ्लॅश करायला बूटलोडर अनलॉक, म्हणजे त्याचं कुलूप काढलेलं असावं लागतं, आणि अनलॉक करताना डेटा जातो. फास्टबूट रॉमची (इथे रॉम म्हणजे फर्मवेअर) फाईल दोनदा अनझिप करावी लागू शकते. शेवटी ‘इमेजेस’ नावाचा फोल्डर दिसला पाहिजे, आणि ‘मी फ्लॅश’ या शाओमीच्या फ्लॅश टूलमध्ये त्याच्या बाहेरचा फोल्डर निवडायचा.

आता सर्वांत महत्त्वाची टिक. ‘मी फ्लॅश’च्या तळाशी ‘क्लीन ऑल’, ‘सेव्ह युजर डेटा’ आणि ‘क्लीन ऑल अँड लॉक’ हे पर्याय असतात, आणि बऱ्याच आवृत्त्यांत शेवटचा आधीच निवडलेला असतो. चीनसाठीच्या हार्डवेअरवर ग्लोबल रॉम टाकून बूटलोडर लॉक झाला, तर फोन ‘हे व्हर्जन या डिव्हाइसवर चालणार नाही’ असं सांगून अडतो. मग फास्टबूटही उपयोगाचं राहत नाही, कारण कुलूप लागलेलं असतं. म्हणून दर वेळी स्वतः पाहून ‘क्लीन ऑल’ निवडा. लॉक करायचंच असेल तर फोन त्याच प्रदेशाच्या मूळ रॉमवर नीट चालू झाल्यावर. कोणत्याही कंपनीच्या फोनवर बदललेलं बूट किंवा सिस्टिम असताना बूटलोडर लॉक करणं धोक्याचं असतं.

पिक्सेल आणि साधं फास्टबूट

बूटलोडर लॉक असेल तरी पिक्सेल वाचवता येतो, तोही डेटा न घालवता. गूगलची पूर्ण ओटीए (अपडेटची) फाईल उतरवा, रिकव्हरीमध्ये ‘अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी’ निवडा आणि कॉम्प्युटरवरून एडीबी या कमांड देणाऱ्या टूलने ‘एडीबी साइडलोड’ चालवा. कॉम्प्युटरवरची टक्केवारी ४७ च्या आसपास थांबून काम संपल्याचं दिसतं. ते बिघाडाचं लक्षण नाही, फोनच्या स्क्रीनवरचा निकाल खरा मानायचा. फोनमध्ये असलेल्या बिल्डपेक्षा जुनी ओटीए या मार्गाने बसत नाही.

अनलॉक असेल तर फॅक्टरी इमेजमधली ‘फ्लॅश ऑल’ स्क्रिप्ट चालवता येते. तिच्यात अपडेटच्या ओळीवर डॅश आणि डब्ल्यू असतं, तेच डेटा पुसतं. तेवढं काढून स्क्रिप्ट सेव्ह केली तर डेटा राहतो. अँड्रॉइड १० सह आलेल्या आणि त्यानंतरच्या फोनमध्ये सिस्टिम आणि व्हेंडर ही पार्टिशनं बहुधा ‘सुपर’ नावाच्या एका मोठ्या पार्टिशनमध्ये असतात. साध्या बूटलोडर फास्टबूटला ती दिसत नाहीत आणि ‘पार्टिशन सापडत नाही’ अशी चूक येते. ‘फास्टबूट रीबूट फास्टबूट’ देऊन फास्टबूटडीमध्ये (ही पार्टिशनं ओळखणारं फास्टबूट) जा आणि तिथून फ्लॅश करा.

मीडियाटेक

एसपी फ्लॅश टूलमध्ये स्कॅटर फाईल (पार्टिशनांची यादी) निवडा, ‘डाउनलोड ओन्ली’ ठेवा, डाउनलोड दाबा आणि त्यानंतर बंद फोन केबलला जोडा. फोन लोगो दाखवत असेल तर ‘प्रीलोडर’वरची (मीडियाटेकचा सुरुवातीचा बूटलोडर) टिक काढा. चालू प्रीलोडरवर चुकीचा बसला, तर लोगोवर अडकलेला फोन पूर्ण काळा होतो.

‘फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड’ वापरू नका. त्यात एनव्हीरॅम हे पार्टिशन पुसलं जातं, आणि आयएमईआय व वाय-फायचा पत्ता त्याच्याबरोबर जातो. टूल वाचू देत असेल, तर फ्लॅश करण्याआधी रीडबॅकने (फोनमधून वाचण्याचा पर्याय) एनव्हीरॅम, एनव्हीडेटा, प्रोटेक्ट १ आणि प्रोटेक्ट २ या पार्टिशनांची प्रत काढा. सुरुवातीचा पत्ता आणि लांबी स्कॅटर फाईलमध्येच लिहिलेली असते. ४०३२ ही चूक आली तर बहुधा फाईलमधली रॅमची माहिती फोनमधल्या रॅमशी जुळत नाही, म्हणजे फाईल दुसऱ्या मॉडेलची. पुष्कळ नव्या फोनमध्ये डाउनलोड एजंट फाईलवर (टूल आधी फोनमध्ये पाठवतं तो छोटा प्रोग्राम) कंपनीची सही लागते, ती नसेल तर टूल सुरुवातीलाच नकार देतं.

काळा पडलेला क्वालकॉम

९००८ मोडसाठी नेमक्या त्या मॉडेलचा फायरहोज प्रोग्रामर (स्टोरेजवर लिहू देणारा छोटा प्रोग्राम) आणि कुठे काय लिहायचं ते सांगणाऱ्या रॉप्रोग्रामच्या एक्सएमएल फाईली लागतात. साहारा (चिपशी होणारा सुरुवातीचा संवाद) चूक आली तर फोन ९००८ मधून बाहेर काढून पुन्हा आत न्या आणि लगेच सुरू करा, कारण उशीर झाला की हा संवाद तुटतो. शाओमीसह काही कंपन्या इथे अधिकृत खातं मागतात. तिथे सेवा केंद्राशिवाय सरळ मार्ग नाही.

फ्लॅश झाल्यावर

पहिल्या बूटला १० ते १५ मिनिटं लागू शकतात, तेवढा वेळ द्या. चालू झाल्यावर आयएमईआय आणि बेसबँड (मोडेमच्या फर्मवेअरचं व्हर्जन) तपासा. बेसबँड ‘अननोन’ असेल तर आधी त्याच व्हर्जनचं मोडेम पुन्हा फ्लॅश करून बघा. आयएमईआय कोरा असेल तर स्वतःच्या फोनची आधी काढलेली प्रत परत टाका. दुसरा नंबर बसवणं अनेक देशांत गुन्हा आहे.

फाईल बरोबर, केबल बदललेली, तरी फ्लॅश दर वेळी एकाच पार्टिशनवर तुटतो. किंवा ‘पास’ येऊनही फोन जुन्याच स्थितीत, जुन्याच डेटासकट उभा राहतो. असं झालं तर स्टोरेज चिप लिहून घेत नाहीये. वय झालेली ईएमएमसी चिप कधीकधी फक्त वाचण्यापुरती उरते. तेव्हा फ्लॅश करणं थांबवा. फोन थोडा वेळ जरी चालू राहत असेल तर त्या वेळात डेटा काढून घ्या, आणि मग चिप बदलायला द्या.